आजोबा नक्की काय करायचे?

नमस्कार मंडळी. स्मरणिकेसाठी नव्यानं लिहिणाऱ्यांशी दोन शब्द बोला असं मला सांगितलंय, पण खरं सांगतो, गेले दोन आठवडे माझ्या डोक्यात एकच प्रश्न फिरतोय, आणि तो माझ्या दहा वर्षांच्या लेकीचा आहे.

मी अण्णांवर, म्हणजे माझ्या वडिलांवर लेख लिहिला होता. अण्णा एसटीत कंडक्टर. तिला देवनागरी वाचता येत नाही म्हणून मीच मोठ्यानं वाचत होतो. "अण्णांनी अपार कष्ट उपसले" इथपर्यंत आलो आणि ती म्हणाली, "पण बाबा, आजोबा नक्की काय करायचे?"

अख्ख्या लेखात त्याचं उत्तर नव्हतं. एसटी १९४८ साली पुणे-नगर रस्त्यावर सुरू झाली हे होतं, पण ते कुठेही सापडतं. जे फक्त माझ्याकडे होतं तेच राहून गेलेलं. ती पत्र्याची तिकिटांची पेटी, त्यातले रंगीत गठ्ठे, आणि पंच. घरी आले तरी अण्णांचा अंगठा पंच दाबल्यासारखा हलत राहायचा, जेवताना सुद्धा. तेवढं लिहिलं आणि वरचे तीन पॅरेग्राफ काढून टाकले, काही अडलं नाही.

म्हणून सांगतो, "कष्ट", "माया", "संस्कार" असा शब्द आला की थांबा आणि त्या वेळी त्या माणसाचे हात काय करत होते ते लिहा. लिहून झालं की घरात कुणाला तरी मोठ्यानं वाचून दाखवा, जीभ अडखळेल तिथे वाक्य तोडा.

आणि "आमचं मराठी आता तेवढं शुद्ध राहिलं नाही हो" हे कृपा करून बंद करा. बहिणाबाई कधी शाळेत गेल्या नाहीत, लिहिता येत नव्हतं, घरात-शेतात राबता राबता आपल्या खानदेशी बोलीत ओव्या रचत गेल्या, आणि त्यांच्या मुलानं, सोपानदेवांनी, आणि घरच्यांनी त्या उतरवून ठेवल्या म्हणून बहिणाबाई गेल्यावर १९५२ मध्ये पुस्तक तरी निघालं. कुणीतरी उतरवून ठेवलं, मंडळी! आपण मात्र दरवर्षी स्मरणिकेला व्हॉट्सॲपवर फिरत आलेल्या कविता पाठवतो, हे मला मनापासून खटकतं. रविवारी आई-वडिलांना फोन करताच ना? तब्येत, हवापाणी झालं की जुन्या दिवसांतलं एक काहीतरी विचारा, आणि त्यांना सांगून रेकॉर्ड करून ठेवा.

परवा नवा लेख लेकीला वाचून दाखवला. शेवटपर्यंत ऐकलं तिनं. मग म्हणाली, "वस्तीच्या गाडीवर असले की आजोबा रात्री कुठे झोपायचे?"

मला माहीत नाही. अण्णांना जाऊन चार वर्षं झाली, आणि मी त्यांना हे कधी विचारलंच नाही.