एक पुडी, एक लिटर: आरोग्यसूचनेतल्या शब्दांविषयी

(आरोग्यविषयक पत्रकं लिहिणाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

आपल्या पत्रकांत हमखास दिसणारं वाक्य घेऊ: ‘जुलाब झाल्यास ओआरएस योग्य प्रमाणात पाण्यात मिसळून वारंवार द्यावे.’ ओआरएस म्हणजे पाण्यात कालवून पाजायची ग्लुकोज आणि क्षारांची पूड. वाक्य शुद्ध आहे, पण आईला त्यातून करण्यासारखं काहीच कळत नाही. ‘योग्य’ म्हणजे किती, ते ती घरातल्या भांड्यावरून ठरवते. बहुतेक वेळा पेल्यावरून, आणि पेला असतो 200 मिलीचा.

प्रमाणित सूत्राच्या मोठ्या पुडीत 20.5 ग्रॅम पूड असते आणि तिला 1 लिटर पाणी लागतं. ती पेल्यात ओतली तर द्रावण पाचपट तीव्र होतं, बाळाच्या रक्तातलं सोडियम वाढतं आणि झटके येऊ शकतात. पाणी जास्त झालं तर क्षार पुरत नाहीत. दुकानात 200 मिलीची लहान पुडीही मिळते, म्हणून पहिली ओळ अशी हवी: ‘पुडीवर किती पाणी लिहिलंय ते बघा.’ मग भांडं सांगा: ‘पाण्याची एक लिटरची बाटली भरून घ्या, पातेल्यात ओता, अख्खी पुडी टाका.’ ‘अख्खी’ हा शब्द गाळू नका. अर्धी पुडी उद्यासाठी ठेवणं घराघरांत चालतं. कालवलेलं पाणी 24 तासांनी टाकून द्यायचं, हेही तिथंच लिहा.

‘वारंवार’ऐवजी आकडा द्या. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक पातळ शौचानंतर 50 ते 100 मिली, मोठ्याला 100 ते 200. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्या-चमच्यानं.

सगळ्यात घात करणारा शब्द वेगळाच आहे: ‘जुलाबाचं औषध’. मराठीत त्यानं जुलाब होण्याचंही औषध कळतं आणि थांबण्याचंही. ओआरएस या दोन्हींतलं नाही. थांबवणारं समजून आई ते सुरू करते, संध्याकाळपर्यंत शौच पातळच राहते, आणि ‘गुण नाही’ म्हणून ती पाजायचं सोडते. नेमकं तेव्हाच बाळ सुकतं. म्हणून हे वाक्य ठळक छापा: ‘या पाण्यानं जुलाब थांबत नाहीत, अंगातून गेलेलं पाणी भरून निघतं.’

जुलाबात ओआरएससोबत देतात त्या झिंकच्या गोळीचंही तसंच. ‘बरं वाटेपर्यंत’ लिहिलं की ती तिसऱ्या दिवशी बंद होते. ‘जुलाब थांबले तरी 14 दिवस’ असं लिहा.

‘निर्जलीकरणाची लक्षणे’ हा मथळा काढाच. जे डोळ्यांना दिसतं ते लिहा: डोळे खोल गेलेत, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर लगेच सपाट होत नाही. तिला दोन सेकंदांहून जास्त वेळ लागला तर धोका मोठा. ‘सुस्त’ हा शब्दही अपुरा आहे, कारण झोपाळू बाळालाही लोक सुस्तच म्हणतात. ‘हाक मारली तरी डोळे उघडत नाही, पाजलेलं गिळत नाही’ असं लिहा, आणि लगेच खाली: ‘ताबडतोब दवाखाना गाठा. गिळता येत असेल तर वाटेत घोट-घोट पाजत राहा.’