रोबो जोडण्याआधी

(दृश्य: ऑपरेशन थिएटर. रोबोच्या मदतीने गर्भाशय काढायची तयारी. टेबल डोक्याच्या बाजूने हळूहळू खाली झुकतंय.)

25 ते 30 अंश. आतडी छातीकडे सरकावीत, ओटीपोट मोकळं दिसावं, म्हणून एवढा उतार. रुग्ण सडपातळ असेल तर यात विशेष काही नाही. पण बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 40च्या पुढे असेल, तर पोटातल्या चरबीचा सगळा भार श्वासपटलावर येतो. त्यात पोट फुगवायला भरलेला कार्बन डायऑक्साइड. भूलतज्ज्ञांची नजर व्हेंटिलेटरवरून हलत नाही. आणि शस्त्रक्रिया तर अजून सुरूही झालेली नाही.

गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगात लठ्ठ रुग्ण बऱ्याच असतात. चरबीत इस्ट्रोजेन हे संप्रेरक तयार होतं आणि ते अस्तराला वाढायला लावतं. म्हणजे आजाराला हातभार लावणारी चरबीच उपचाराच्या आड येते.

पोट उघडावं, तर जाड चरबीतली जखम चिघळण्याची भीती. साध्या दुर्बिणीने करावं, तर 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन चाचणीचे आकडे समोर येतात. बीएमआय 25 असलेल्यांत दुर्बिणीने सुरू केलेल्या 100 पैकी साधारण 17-18 शस्त्रक्रिया शेवटी पोट उघडून कराव्या लागल्या. बीएमआय 40च्या वर? 57. त्यात कर्करोग पसरलाय का ते तपासायला लसिकाग्रंथीही काढायच्या होत्या, म्हणजे काम अवघड होतं, हे खरं. तरी फरक केवढा!

लांब दांडीचं हत्यार जाड पोटातून फिरवताना सर्जनचा हात पोटाच्या भिंतीशीच झगडत राहतो. हा भार रोबोचे हात पेलतात, आणि ते थकत नाहीत. अतिलठ्ठ रुग्णांत पोट उघडायची वेळ कमी येते, त्याचं हे एक कारण. पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेपेक्षा रक्तस्राव कमी, जखमेचा त्रास कमी, घरी लवकर. वेळ मात्र जास्त लागतो.

जाहिरातीत दिसतात ते यंत्राचे चार हात. अंगाखालचा फोम दिसत नाही, जो रुग्णाला उतारावर घसरू देत नाही. रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून पिंडऱ्यांवर बांधलेले पट्टेही दिसत नाहीत. बेंबीवर तर भरवसाच ठेवता येत नाही. सुटलेल्या पोटाबरोबर ती खाली सरकलेली असते. मग छिद्रांच्या जागा हाडांवरून मोजून ठरवतात.

(दृश्य: पुन्हा टेबल.)

टेबल काही मिनिटं तसंच झुकवून ठेवलंय. सर्जन विचारतात, "चालेल?" भूलतज्ज्ञ दाब बघतात, ऑक्सिजन बघतात.

"थोडं वर घ्या."

टेबल काही अंश वर येतं. पुन्हा आकडे बघणं. मग मान हलते, आणि रोबो जवळ आणतात.