राजा किती घरं धावतो?

(मालवणातल्या एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

ड्राफ्ट्स, म्हणजे समोरच्याच्या सोंगट्यांवरून उडी मारून त्या मारायचा पटावरचा खेळ; त्याच्या प्रकारांची सूची कशी करावी, हा आजचा विषय. 'सूची' हा शब्द ऐकून मागच्या दोन रांगा भिंतीला टेकल्या, दिसतंय मला. टेका. पावसाळी संध्याकाळ आहे.

सूचीकडे येतोच, पण आधी आमच्या पडवीत चला. गणपतीचे दिवस. आजोबांनी फरशीवर कोळशाने आठ बाय आठचा पट आखलेला. एका बाजूला बारा शिंपल्या, दुसऱ्या बाजूला बारा काजूच्या बिया. प्यादं पलीकडच्या टोकाला पोचलं की त्यावर दुसरं ठेवून राजा करायचा. शिंपल्यांचा राजा झकास बसे. काजूचा मात्र सारखा ढासळे, आणि आजोबा पाहुण्यांना नेहमी काजू देत. (हसू नका, याला आम्ही पाहुणचार म्हणायचो.)

त्या वर्षी समोर होते आतोबा, मुंबईचे चाकरमानी. आजोबांचा राजा या टोकापासून त्या टोकापर्यंत तिरका धावला आणि दूरची बी उचलून मोकळा झाला. आतोबा म्हणाले, "मामा, राजा एकच घर चालतो." आजोबा म्हणाले, "जावयबापू, राजा तो! एकेक घर चलाक तो काय म्हातारो आसा?" आता गणपतीत जावयाला याहून जास्त बोलता येत नाही. पण आतोबांनी लगेच उट्टं काढलं. आजोबा एक मार विसरले होते, तर आतोबांनी ती शिंपली चिमटीत धरली, तिच्यावर खरोखरच फुंकर मारली आणि पटाबाहेर ठेवली. म्हणे, नियम आहे! दोघे विसर्जनापर्यंत एकमेकांशी आरतीपुरतेच बोलले. आणि मी, वय वर्षं नऊ, "खरा नियम कोणाचा?" असं विचारलं म्हणून मला दुर्वा खुडायला पिटाळलं. तो राग अजून आहे. आजचं व्याख्यान त्यातूनच निघालंय.

कारण दोघेही बरोबर होते! इंग्रजी पद्धतीत राजा एकच घर चालतो, रशियन पद्धतीत लांब धावतो. पट तोच, सोंगट्या त्याच चोवीस. फुंकणंही आतोबांनी काढलेलं नव्हतं. मार चुकवणाऱ्याची सोंगटी उचलायची, हा इंग्रजी खेळातला जुना दंड. इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये त्याचं नावच 'फुंकणे' या अर्थाचं आहे.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. पाच मिनिटं? बरं, पळतो.

माझं म्हणणं एवढंच, की सूची देशांच्या नावांनी करू नका, प्रश्नांनी करा. पट केवढा? आंतरराष्ट्रीय दहा बाय दहा, वीस-वीस सोंगट्या; कॅनडाचा बारा बाय बारा, तीस-तीस. चाल तिरकी की सरळ? तुर्की खेळात सरळ, सोळा-सोळा सोंगट्या. प्यादं मागे मारतं का? इंग्रजीत नाही, रशियनमध्ये हो. प्याद्याने राजा मारायचा का? इटलीत मनाई. जास्तीत जास्त मारलंच पाहिजे का? आंतरराष्ट्रीयमध्ये सक्ती, रशियनमध्ये मर्जी. ब्राझीलचा खेळ या प्रश्नांत घातलात की कळतं, आंतरराष्ट्रीय नियमच आठ बाय आठवर आणलेत. नावावरून हे कळलं असतं?

यात नुसता हट्ट नाही. २००७ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात जोनाथन शेफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'चिनूक' या संगणक-प्रणालीने सिद्ध केलं, की दोघेही अचूक खेळले तर डाव बरोबरीत सुटतो. लोक म्हणाले, ड्राफ्ट्स सुटला. कुठला? आतोबांचा! आजोबांच्या धावत्या राजाला ते उत्तर लागू होत नाही.

रेषांवर खेळायचे पट राहिलेच, त्यात मार सारखीच पण चौकोन नाहीत. ते पुढच्या वेळी. दारातल्या टेबलावर प्रश्नांचे कागद आहेत. घरी म्हाताऱ्यांना विचारून भरून आणा, फक्त दोघांना एकत्र बसवून विचारू नका. आणि कृपा करून त्यावर भजी घेऊ नका, मागच्या खेपेला अर्धे तसेच गेले. हो, हो, बसतो.