झिजलेल्या नमुन्यावर माप धरू नका

नमस्कार मंडळी. पत्रिकेत विषय छापलाय ‘जुन्या गाडीची पिस्टन रिंग घरी कशी करावी’. रिंगवर, म्हणजे पिस्टनच्या खाचेत बसणाऱ्या कड्यावर, येणारच आहे. पण त्याआधी एक मुद्दा तुमच्या कानावर घालतो, कारण तो चुकला तर रिंगच काय, साधा वॉशरसुद्धा नीट होणार नाही.

जावा-येझदी मोटरसायकली बनवणारा म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. गाड्या अजून धावतायत, सुटे भाग मात्र जपून वापरायची वेळ आलीय. अशा वेळी आपलं कोल्हापूर भाग्यवान. उद्यमनगरात लेथ आहेत, शिरोली आणि गोकुळ शिरगावला फाउंड्र्या आहेत. पण हाताशी सगळं असल्यामुळंच एक वाईट सवय लागलीय. खिशातून जुना भाग काढायचा, टर्नरपुढं ठेवायचा आणि म्हणायचं, ‘असाच एक काढून द्या.’ अहो, तो भाग झिजला म्हणून तर काढला! टर्नर बिचारा इमानदारीनं झिजेसकट नक्कल करून देतो.

साधा थ्रस्ट वॉशर, म्हणजे गिअरच्या बाजूला टेकणारी चकती, घ्या. गिअर जिथं घासतो तिथं तो १.७ मि.मी. भरतो. पण त्याच्या बाहेरच्या कडेवरून नख फिरवा, एक बारीक पायरी लागेल. त्या पायरीच्या वर, जिथं गिअर कधी पोचलाच नाही, तिथं मोजा: २ मि.मी. हे खरं माप. १.७चा नवा वॉशर घातलात तर शाफ्टचा खेळ, म्हणजे ढिलेपणा, जिथल्या तिथं राहणार. व्हर्नियरचे सपाट जबडे अशा पायरीवर आडवे बसतात आणि आतली झीज झाकतात, म्हणून मायक्रोमीटर वापरा. भागाच्या न घासलेल्या अंगावर माप धरा, आणि तो ज्या घरात बसतो ते घर मोजा. माझं म्हणणं एवढंच आहे.

ओतकामात तर ही चूक दुप्पट होते. जुना भागच पॅटर्न, म्हणजे साच्यासाठीचा नमुना, म्हणून वाळूत दाबला, तर आधीची झीज आहेच, वर थंड होताना बीड (ओतीव लोखंड) सुमारे १ टक्का आकसतं, ॲल्युमिनियम १.३ टक्क्यांच्या आसपास. ६५ मि.मी.चा भाग ६४.३५ होऊन बाहेर येतो. मशिनिंगला प्रत्येक अंगाला २-३ मि.मी. माल हवा, तोही नसतो. पॅटर्न वेगळाच करावा लागतो, लाकडाचा करा नाहीतर जुन्या भागावर पुट्टी चढवून.

आता बुशकडं, म्हणजे भोकात बसवायच्या नळीकडं, येऊ. जुन्या जावाच्या, बुलेटच्या कनेक्टिंग रॉडला वरच्या टोकाला ब्राँझचा बुश असतो. तो फॉस्फर ब्राँझचाच करा. पितळेचा बुश दिसतो सुंदर, देव्हाऱ्यात ठेवावा असा, पण गजन पिनच्या (पिस्टन आणि रॉड जोडणाऱ्या पिनच्या) ठोक्याखाली लवकर ढिला पडतो. गुऱ्हाळाच्या चरकाला गनमेटलचे (तेही एक ब्राँझच) बुश घालणाऱ्यांना हा फरक वेगळा सांगायला नको.

जुना बुश बाहेर ओढल्यावर रॉडचा डोळा (बुश बसतो ते भोक) तीन ठिकाणी, आडवा-उभा मोजा. समजा २२.०० आला आणि नवी पिन १८.०० आहे. बुशचं बाहेरचं माप २२.०४ ठेवा. आतलं माप १७.७५वरच सोडा. इथं घाई नडते. बुश डोळ्यात दाबला की बाहेरची चिमट (ते जादा ०.०४) आत उतरते आणि भोक मि.मी.च्या तीन-चार शतांशांनी आवळतं. आधीच १८.०२ करून ठेवलंत तर पिन शिरणार नाही. मग लोक बोटाला एमरी कागद गुंडाळून आत घासतात, भोक दोन्ही तोंडांना कर्ण्यासारखं होतं, आणि इंजिन पहिल्या दिवसापासून टक-टक करतं.

बुशच्या कडेला चॅम्फर (उतार) द्या, तासभर फ्रीजरमध्ये ठेवा, लांब बोल्ट आणि दोन वॉशर लावून सरळ ओढून घ्या. हातोडी नको. तेलाचं भोक बुश बसल्यावर पाडा, आतला बर (उठलेली धार) काढा. मग ॲडजस्टेबल रिमर (भोक मोठं करायचं हत्यार) हातानं फिरवत १८.०२पर्यंत या, दर फेरीला अगदी थोडा माल काढत. तेल लावलेली पिन अंगठ्याच्या दाबानं सरकली पाहिजे. आपोआप घसरून पडली तर भोक मोठं झालं.

पॅकिंगचं, म्हणजे सांध्यात बसणाऱ्या गास्केटचं, थोडक्यात. ऑइल पेपर केसिंगवर ठेवून बॉलपेन (गोल डोक्याच्या) हातोडीनं कडेकडेनं टिचक्या मारा, कागद कडेवर आपोआप कापला जातो. बोल्टची भोकं पंचनं पाडा. जाडी मात्र मनानं बदलू नका. जावा २५०चा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ६५, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७५ मि.मी. ब्लॉकखालचं पॅकिंग अर्धा मि.मी. जाड झालं की पिस्टनच्या वरची जागा १.६६ सी.सी.नं वाढते आणि ७चा कॉम्प्रेशन रेशो (वायू किती पट दाबला जातो ते) ६.८च्या खाली येतो. शिवाय ब्लॉक उचलला गेल्यामुळं पोर्ट (सिलिंडरच्या भिंतीतली वायूची भोकं) उघडायची वेळही बदलते. हेडचं तांब्याचं पॅकिंग पुन्हा वापरायचं असेल तर मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाका. तांबं पाण्यानं कडक होत नाही, मऊच राहतं, आणि काळी पापडी सुटते.

दहाच मिनिटं उरलीत असं संयोजक खुणावतायत, म्हणून रिंग भराभर घेतो. बारीक दाण्याच्या बीडाची नळी घ्या. ती बोअरच्या मापाला, आपल्या उदाहरणात ६५.००ला, टर्न करा. आतला व्यास आणि रुंदी पिस्टनच्या खाचेवरून ठरवा, जुन्या रिंगवरून नव्हे. खाचेत वरखाली ०.०५चा खेळ हवा. रिंगा कापून घ्या, काचेवर बारीक कागद ठेवून दोन्ही बाजू सपाट करा, मग एका जागी चिरा. चिरेत ७-८ मि.मी.चा तुकडा अडकवून रिंग पत्र्यांमध्ये सपाट आवळा, अंधारात जेमतेम लाल दिसेल इतकी, म्हणजे सुमारे ६०० अंशांपर्यंत तापवा आणि राखेत हळूहळू निवू द्या. आता ती उघडी राहायला शिकली. बोअरमध्ये पिस्टननं सरळ ढकलून फीलर गेजनं (पातळ पट्ट्यांच्या मापानं) टोकांमधला गॅप बघा: ६५ला ०.२५ मि.मी. कमी भरला तर तापल्यावर टोकं एकमेकांना भिडतील आणि इंजिन सीज होईल.

जावासारख्या टू-स्ट्रोकला आणखी एक काम आहे. खाचेत रिंग अडवणारी पिन असते. तिच्यासाठी दोन्ही टोकांना कानशीनं बारीक खाच द्या. ही खाच चुकली की रिंग नीट बसत नाही किंवा फिरते, टोक पोर्टमध्ये अडकतं आणि पोर्टच्या कडेवर रिंग तुटते. आणि रिंग चढवताना वाकडी पिळू नका, बीड पिळलं की मोडतं. मोडलीच तर तिचा तुकडा जपून ठेवा. टोक चौकोनी घासून घेतलं की पिस्टनच्या खाचेतला कार्बन काढायला त्याच्याइतकं मापात बसणारं हत्यार दुसरं मिळणार नाही.