पंगत उठली, पंगत बसली

नमस्कार श्रोतेहो.

‘टर्नओव्हर’ हा शब्द आपल्याकडे दुकानदाराच्या तोंडी असतो. वर्षाची उलाढाल. बास्केटबॉलच्या कोर्टवर त्याचा अर्थ वेगळा. शॉट न मारताच चेंडू समोरच्यांच्या हाती गेला, की तो टर्नओव्हर. अमेरिकेतल्या एखाद्या लहान कॉलेजच्या कोचला विचारलंत, तर तो तिसराच अर्थ सांगेल: यंदा पोरं किती गेली आणि नवी किती आली. शाळांच्या बाबतीत आपण जिला गळती म्हणतो, ती ही. आज या गळतीबद्दल बोलायचंय.

आधी ‘लहान कॉलेज’ म्हणजे काय ते सांगतो. अमेरिकेत कॉलेजच्या खेळांचा कारभार मुख्यतः एनसीएए ही संस्था पाहते. तिने १९७३ साली कॉलेजांचे तीन विभाग केले. टीव्हीवर दिसतात ते पहिल्या विभागातले संघ. तिसऱ्या विभागात चारशेहून जास्त कॉलेजं आहेत आणि तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही. पुन्हा सांगतो, कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे: तिसऱ्या विभागात खेळासाठी शिष्यवृत्ती नाही. घरची परिस्थिती किंवा गुण पाहून कॉलेज फी कमी करेल, पण उंची पाहून नाही.

आता कोचच्या जागी बसा. समजा, तुमच्या संघात अठरा जण आहेत. पाच जण पदवी घेऊन जाणार, ते ठरलेलंच. एक जण सहा महिन्यांसाठी परदेशी शिकायला गेला. एकाची रसायनशास्त्राची प्रयोगशाळा नेमकी सरावाच्या वेळी आली. आणि तीन जण वर्षभर बाकावर बसून कंटाळले आणि सोडून गेले. झाले दहा. म्हणजे अर्ध्याहून जास्त संघ नवा. बचावाच्या ज्या चाली गेल्या वर्षी डोळे मिटून व्हायच्या, त्या ऑक्टोबरच्या मध्यापासून पुन्हा ‘अ आ इ’पासून. पहिला सामना नोव्हेंबरात. हातात तीन-चार आठवडे.

यातल्या पाच पदवीधरांबद्दल कोच काहीच करू शकत नाही. प्रयोगशाळेबद्दलही नाही, आणि करूही नये. प्रयोगशाळा बुडवायला सांगणारा कोच लहान कॉलेजात असूच नये असं माझं मत आहे. प्रश्न उरतो तो बाकावरच्या तिघांचा. मोठ्या विद्यापीठात बाकावरचा मुलगा टिकतो, कारण त्याची फी भरली जाते. इथे फी बाप भरतोय. पहाटे उठून वजनं उचलायची, हिवाळ्यात व्हॅनमधून तीन-तीन तास जायचं आणि सामन्यात दोन मिनिटं खेळायचं. दुसऱ्या वर्षी तो मुलगा म्हणतो, पुरे झालं. त्याला धरून ठेवायला कोचकडे एकच चीज आहे, ती म्हणजे कोर्टवरची मिनिटं.

आणि मिनिटं मोजकी आहेत. सामना चाळीस मिनिटांचा, कोर्टवर पाच खेळाडू. चाळीस गुणिले पाच, दोनशे. वाटायला एकूण दोनशे मिनिटं. बहुतेक कोच आठ जणांना खेळवतात, म्हणजे प्रत्येकाला सरासरी पंचवीस मिनिटं आणि उरलेल्या दहा जणांना भोपळा. पंधरा जणांना वाटलीत, तर प्रत्येकाच्या वाट्याला तेरा मिनिटं वीस सेकंद.

गळती कोचकडूनही सुरू होते, हेही सांगायला हवं. कोच गेला की त्याने हेरलेला मुलगाही इकडेतिकडे बघू लागतो. मॅसॅच्युसेट्समधलं विल्यम्स कॉलेज २०१४ साली तिसऱ्या विभागाच्या अंतिम सामन्यात पोचलं आणि ७५–७३ असं हरलं. त्या उन्हाळ्यात कोच माइक मेकर पहिल्या विभागातल्या मॅरिस्टला गेले. मागोमाग त्यांचा पहिल्या वर्षाचा नेमबाज डंकन रॉबिन्सन मिशिगन विद्यापीठात गेला. तेव्हाच्या नियमाप्रमाणे त्याला एक वर्ष न खेळता बसावं लागलं. तोच पुढे एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगमध्ये, मायामीकडून खेळला. २०१८ साली कॉलेज बदलण्याची नोंद ऑनलाइन झाली आणि २०२१ पासून पहिल्या विभागात एक वर्ष बसण्याची अट पहिल्या बदलीपुरती गेली. तेव्हापासून लहान कॉलेजात चमकलेला पोरगा मोठ्यांच्या डोळ्यांवर लगेच येतो.

उलट उदाहरणंही आहेत. पेनसिल्व्हेनियात फ्रँकलिन अँड मार्शल कॉलेजात ग्लेन रॉबिन्सन १९७१ ते २०१९ एकाच बाकावर कोच होते. ९६७ विजय. आणि ग्रेग पोपोविच, ज्यांनी पुढे सॅन अँटोनियोला एनबीएची पाच विजेतेपदं मिळवून दिली, ते १९७९ साली कॅलिफोर्नियातल्या पोमोना-पिट्झर या लहान कॉलेजात कोच झाले. पहिल्या मोसमात जिंकले दोन, हरले बावीस. कॉलेजने त्यांना ठेवलं. आजकाल एवढा धीर कोणी धरेल, असं वाटत नाही.

असो. मला सांगायचंय ते ग्रिनेलचं.

आयोवा राज्यात, मक्याच्या शेतांच्या मधोमध ग्रिनेल नावाचं गाव आहे आणि तिथे ग्रिनेल कॉलेज. अभ्यासात कडक. इंटेल कंपनीचे सहसंस्थापक रॉबर्ट नॉइस इथलेच विद्यार्थी. बास्केटबॉलमध्ये मात्र आनंदी आनंद होता. १९८९ साली डेव्हिड आर्सेनो कोच म्हणून आले आणि काही वर्षांत त्यांनी सगळी मांडणीच उलटी केली. बाकच रिकामा करून टाकला.

कसा? आपल्या लग्नातली पंगत आठवा. एक पंगत उठते, दुसरी बसते. आर्सेनोंनी पंधरा जणांच्या तीन पंगती केल्या. पाच जण आत जायचे, मिनिटभर जीव तोडून धावायचे आणि पाचही एकदम बाहेर. दुसरे पाच आत. दम राखायचा नाही, कारण राखायची गरजच नाही. बचाव अख्ख्या कोर्टवर. चेंडू आत फेकला जातो तिथपासूनच दोघांनी मिळून कोंडायचं. आणि शॉट दहा-बारा सेकंदांत, जमेल तितका तीन गुणांच्या रेषेबाहेरून.

त्यामागे हिशेब होता आणि तो पाच आकड्यांचा. सामन्यात चौऱ्याण्णव शॉट मारायचे. आकडा लक्षात ठेवायला सोपा, कोर्टची लांबीही ९४ फूटच असते. त्यातले निम्मे, म्हणजे सत्तेचाळीस, तीन गुणांचे. चुकलेल्या आपल्याच शॉटपैकी एक तृतीयांश चेंडू पुन्हा आपण पकडायचे. समोरच्यांकडून बत्तीस टर्नओव्हर करवून घ्यायचे. आणि त्यांच्यापेक्षा पंचवीस शॉट जास्त मारायचे. पुन्हा एकदा: चौऱ्याण्णव, सत्तेचाळीस, एक तृतीयांश, बत्तीस, पंचवीस. समोरच्याने कोंडी फोडून सोपा लेअप, म्हणजे बास्केटजवळ जाऊन अलगद टाकलेला शॉट, घातला तर घालू दे. त्याचे दोन गुण झाले, पण आठ सेकंदांत चेंडू परत आपल्याकडे आला.

बिघडतं कुठे? पंगत उठवायला शिट्टी लागते. बास्केट झाली म्हणून खेळाडू बदलता येत नाहीत. फाउल हवा, चेंडू बाहेर जायला हवा किंवा टाइमआउट हवा. तोपर्यंत नवे पाच जण गुणलेखकांच्या टेबलाशी ताटकळत बसतात आणि आतल्या पाचांचे पाय लाकडाचे होतात. आणि चेंडू पुढे नेणारा भरवशाचा गडी तीनही पंगतींत एकेक हवा. तो एका पंगतीत कच्चा निघाला, की समोरचा कोच नेमकी तीच पंगत हेरतो.

तर अशी ही सगळ्यांना सारखं वाढणारी पद्धत. आता २० नोव्हेंबर २०१२ची रात्र.

ग्रिनेलचा जॅक टेलर. उंची पाच फूट दहा इंच, म्हणजे आपल्या कॉलेजच्या संघातही त्याला कोणी उंच म्हणणार नाही. हा मुलगाही गळतीचाच: आधी विस्कॉन्सिन-ला क्रॉस विद्यापीठात होता, तिथून ग्रिनेलला आला. मोसमातल्या पहिल्या दोन सामन्यांत त्याचा नेम बसला नव्हता. कोचने ठरवलं, याचा नेम बसेपर्यंत याला मारू द्यायचं. समोर होतं फेथ बॅप्टिस्ट बायबल कॉलेज. धर्मशिक्षणाचं छोटं कॉलेज, एनसीएएचं सदस्यही नाही.

सामना सुरू झाला. पंगती उठू लागल्या, बसू लागल्या. एक पाहुणा मात्र पानावरून उठेना. टेलर आतच. चेंडू यायचा तो त्याच्याकडेच, आणि तो मारायचा. चुकला तर साथीदार चेंडू पकडून पुन्हा त्याच्याच हातात. मध्यंतरापर्यंत त्याचे गुण झाले अठ्ठावन्न.

अठ्ठावन्न म्हणजे कित्येक संघांची अख्ख्या सामन्याची बेरीज. इथे एखाद्या कोचने त्याला बसवला असता. आर्सेनोंनी नाही बसवला.

दुसऱ्या अर्ध्यात ऐंशी. एकूण एकशे अडतीस. सावकाश सांगतो: एका खेळाडूचे, एका सामन्यात, १३८ गुण. खेळला छत्तीस मिनिटं. शॉट मारले एकशे आठ. छत्तीस मिनिटांचे झाले एकवीसशे साठ सेकंद. भागा एकशे आठने. बरोबर वीस. दर वीस सेकंदांना एक शॉट, छत्तीस मिनिटं.

त्यातले आत गेले बावन्न. रेषेबाहेरून मारले एकाहत्तर, गेले सत्तावीस. त्याचे एक्याऐंशी गुण. रेषेच्या आतून मारले सदतीस, गेले पंचवीस; त्याचे पन्नास. आणि फ्री थ्रो दहापैकी सात. एक्याऐंशी, पन्नास, सात. जुळतं.

या आकड्यांत एक गंमत आहे, ती फारसं कोणी बोलत नाही. बाहेरच्या प्रत्येक शॉटमागे त्याला सरासरी एक पूर्णांक चौदा शतांश गुण मिळाले. आतल्या प्रत्येक शॉटमागे एक पूर्णांक पस्तीस. म्हणजे जास्त कमाई आतल्या शॉटची! बाहेर त्याला अडवायला सगळे रेषेपर्यंत धावत आले की पाठीमागे वाट मोकळी होते. तीन गुणांचा शॉट दोन गुणांच्या शॉटसाठी दार उघडतो. आपल्याकडच्या मुलांनी व्हिडिओत बघायचं ते हे. ती नुसती लांबून फेकण्याची हौस उचलतात.

सामना संपला १७९ विरुद्ध १०४. आता पराभूत संघाच्या यादीत वरचं नाव बघा. डेव्हिड लार्सन, सत्तर गुण. चव्वेचाळीस शॉट, त्यातले चौतीस आत. सत्तर गुण करावेत आणि संघ पंच्याहत्तरने हरावा! कारण वर सांगितलंच: ग्रिनेलची कोंडी एकदा फुटली की बास्केटखाली राखण करायला कोणी नसतं. लार्सन लेअप घालत राहिला, ग्रिनेल त्याला घालू देत राहिलं.

याआधीचा एनसीएएचा विक्रम होता ११३ गुणांचा, १९५४ सालचा. ओहायोतल्या चिमुकल्या रिओ ग्रांडे कॉलेजचा बेव्हो फ्रान्सिस. तिथले लोक त्या नावाचा उच्चार ‘राय-ओ ग्रँड’ करतात. त्याने त्याआधीच्या मोसमात ११६ही केले होते, पण समोर दोन वर्षांचं ज्युनियर कॉलेज होतं म्हणून ते धरले नाहीत.

टीका झाली, व्हायलाच हवी होती. दुबळ्या संघाला धुतलं, चेंडू दुसऱ्याला दिला नाही, हा खेळ की आकड्यांची जत्रा? मला विचाराल तर टीकाकारांचं अर्धं पटतं. समोरच्याला कोंडत राहणं पटत नाही, सामना तर मध्यंतरालाच निकालात निघाला होता. पण स्वार्थी म्हणणं चूक. त्या रात्री बाकीच्यांनी चेंडू त्याला दिला तो ठरवून. आणि जाता जाता, कौतुक करायचंच तर टेबलावर बसून एकशे आठ शॉट हाताने टिपणाऱ्या गुणलेखकांचं करा. आपल्या विद्यापीठ स्पर्धांत गुणलेखकाला चहा सगळ्यात शेवटी मिळतो, तोही गार.

पुढच्या वर्षी टेलरने पुन्हा शंभरी ओलांडली, १०९. आर्सेनोंचा मुलगा, तोही डेव्हिड, २०१४ साली नेवाडातल्या रिनो बिगहॉर्न्स या व्यावसायिक संघाचा कोच झाला आणि तिथेही त्याने घरची पंगतच मांडली.

हा धाकटा आर्सेनो स्वतः ग्रिनेलकडून खेळला होता. २००७ साली एका सामन्यात त्याने दिलेल्या पासवर साथीदारांनी चौतीस बास्केट केल्या, तिसऱ्या विभागातला विक्रम. अशा पासला असिस्ट म्हणतात. त्याच कोचच्या, त्याच पद्धतीच्या, २० नोव्हेंबर २०१२च्या गुणपत्रिकेत जॅक टेलरच्या नावापुढे गुणांच्या रकान्यात आहे १३८, आणि त्याच ओळीत असिस्टच्या रकान्यात शून्य.

नमस्कार.