जलरंगातील त्वचा

श्रोतेहो, नमस्कार. जलरंगात स्वतःचे व्यक्तिचित्र करायला बसलेल्याला पहिला मोह होतो तो ‘फ्लेश टिंट’ नावाच्या, त्वचेसाठी तयार मिळणाऱ्या रंगाच्या ट्यूबचा. तिची गुलाबी छटा आपल्या गव्हाळ किंवा सावळ्या चेहऱ्याला लागू पडत नाहीच, शिवाय तिच्यात बहुधा पांढरा रंग मिसळलेला असल्याने ती कागद झाकून टाकते. आणि जलरंगातल्या त्वचेला उजेड मिळतो तो कागदाकडूनच.

म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील चित्रकार सावळाराम हळदणकरांचे ‘ग्लो ऑफ होप’ हे दिवा घेतलेल्या स्त्रीचे चित्र अनेकांना तैलचित्र वाटते, पण ते जलरंगातले आहे. ज्योतीआड धरलेल्या बोटांवर त्यात जी तांबूस झळाळी दिसते, तिचे कारण असे, की प्रकाश कातडीत थोडा आत शिरतो आणि रक्ताची लाली घेऊन बाहेर येतो. पारदर्शक रंगाचा थरही तसाच वागतो. प्रकाश त्यातून कागदापर्यंत पोहोचतो आणि रंगून परततो.

म्हणून आरशासमोर, एकाच खिडकीच्या उजेडात बसावे आणि चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाच्या जाड कागदावर यलो ऑकरमध्ये (मातकट पिवळ्यात) किंचित लाइट रेड (मातकट लाल) मिसळून पातळ वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा सलग थर, द्यावा. तो ओला असतानाच गाल, कान व नाकाचा शेंडा येथे लाल थोडा वाढवावा. नंतर थांबावे. हाताच्या पाठीला कागद गार लागत असेल, तर तो अजून ओला आहे असे समजावे. पुढचे थर बर्न्ट सिएनाचे (तांबूस तपकिरी रंगाचे) द्यावेत, आणि छायेसाठी त्यातच अल्ट्रामरीन हा गडद निळा मिसळावा. काळा रंग मात्र घेऊ नये, कारण त्याने चेहरा मळकट होतो. सावळ्या कपाळावर खिडकीचा उजेड पडतो तेथे त्वचा निळसर दिसते, आणि तेवढी जागा कोबाल्ट ब्लूच्या अगदी पातळ हातावर सोडली, तर बाकीचा तपकिरी रंग आपोआप उबदार वाटू लागतो. (लग्नाच्या जाहिरातीतला ‘निमगोरा’ येथे उपयोगाचा नाही, आरसा दाखवील तोच रंग घ्यावा.)

जलरंग वाळल्यावर फिका पडतो, हे बहुतेकांना ठाऊक असते. तरीही चित्रे फिकी राहतात, याचे कारण भोवतीचा कोरा कागद होय. त्या पांढऱ्यापुढे योग्य छटासुद्धा फार गडद भासते आणि हात आखडतो. यासाठी पार्श्वभूमीचा वॉश चेहऱ्याच्या दुसऱ्या थराआधीच देऊन ठेवावा.