छापायची राहिलेली दुरुस्ती : अमालिया दे कास्तियो लेदॉन

(दृश्य: १९३०च्या दशकातलं मेक्सिको शहर, कृष्णधवल चित्रफीत. ट्रामगाड्या, मोर्चे, फलक धरलेल्या स्त्रिया.)

१९३८ साल. मेक्सिकोच्या संसदेसमोर एक घटनादुरुस्ती होती. बायकांना मताचा हक्क द्यायचा. एका सभागृहानं ती मंजूर केली, दुसऱ्यानंही केली. मग ती राज्यांच्या विधिमंडळांकडे गेली आणि तिथूनही होकार आला. आता उरलं होतं ते निव्वळ कारकुनी काम. राज्यांचे होकार मोजायचे, दुरुस्ती झाल्याचं जाहीर करायचं आणि राजपत्रात छापायचं.

ते छापलंच नाही.

कुणी दुरुस्ती फेटाळली नाही, मागेही घेतली नाही. फाईल होती तिथंच पडून राहिली. देशभरच्या निवडणुकांत मत द्यायला मेक्सिकोच्या बायकांना त्यानंतर आणखी पंधरा वर्षं थांबावं लागलं. त्या पंधरा वर्षांत मेक्सिकोची एक बाई देशोदेशीच्या परिषदांत जाऊन स्त्रियांच्या राजकीय हक्कांची बाजू मांडत होती. तिला स्वतःला मात्र आपल्या देशाचा राष्ट्राध्यक्ष निवडताना मत देता येत नव्हतं.

(दृश्य: अमालिया यांचं छायाचित्र. खाली अक्षरं: अमालिया गोन्सालेस काबाय्येरो दे कास्तियो लेदॉन, १८९८–१९८६)

अमालियांचा जन्म ईशान्य मेक्सिकोतल्या तामाउलिपास राज्यातला. शिक्षण अध्यापिकेचं. पुढे मेक्सिको शहरात आल्या आणि नाटकं लिहू लागल्या. ‘पानं गळतात तेव्हा’ अशा अर्थाच्या नावाचं त्यांचं नाटक १९२९ साली रंगमंचावर आलं. पती लुईस कास्तियो लेदॉन इतिहासकार, राष्ट्रीय संग्रहालयाचे संचालक आणि काही काळ नायारित राज्याचे राज्यपाल. या लग्नामुळे त्यांच्यासाठी बरेच दरवाजे उघडले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण उघड्या दरवाज्यातून आत जाऊन पाहुणी म्हणून बसणाऱ्या बायका तेव्हा पुष्कळ होत्या. अमालियांनी आत जाऊन संस्था उभ्या केल्या. लेखिका, डॉक्टर, वकील अशा शिकलेल्या स्त्रियांना एकत्र आणणारी ‘आतेनेओ मेहिकानो दे मुहेरेस’ ही त्यांतलीच एक.

मेक्सिकोतली मताची लढाई मात्र त्यांच्यापासून सुरू झालेली नाही.

(दृश्य: मेरिदा शहर, युकातान.)

जानेवारी १९१६. क्रांतीची धग अजून विझली नव्हती. युकातान राज्यातल्या मेरिदा शहरात स्त्रियांची पहिली मोठी परिषद भरली. सहाशेहून जास्त बायका आल्या, त्यांत बहुतेक शिक्षिका. वर्षभरात देशाची नवी राज्यघटना तयार झाली. जमीन, मजुरी, शिक्षण या बाबतीत ती काळाच्या पुढे होती. स्त्रियांच्या मताची मागणी एर्मिला गालिंदो यांनी घटना समितीपुढे ठेवली होती. ती मान्य झाली नाही, आणि १९१८च्या निवडणूक कायद्यानं मतदार म्हणजे पुरुष, असं साफ लिहून टाकलं. त्याच वर्षी गालिंदो निवडणुकीला उभ्या राहिल्या. जिंकण्यासाठी नव्हे, नियम कसा आहे ते चारचौघांत दाखवण्यासाठी.

युकातानमध्ये १९२२-२३ साली काही स्त्रिया निवडूनही आल्या. एल्विया कारियो पुएर्तो या तिथल्या राज्यपालांच्या बहीण, विधिमंडळात गेल्या. जानेवारी १९२४ मध्ये भावाला गोळ्या घालून मारलं गेलं आणि एल्वियांना पद आणि राज्य दोन्ही सोडावं लागलं.

मग १९३५ साली शेकडो संघटनांची एक आघाडी झाली. तिच्या प्रमुख रेफुहियो गार्सिया; सगळे त्यांना ‘कुका’ म्हणत. ऑगस्ट १९३७ मध्ये राष्ट्राध्यक्ष लासारो कार्देनास यांच्या निवासस्थानासमोर या बायका उपोषणाला बसल्या. कार्देनासनी शब्द दिला आणि संसदेत दुरुस्ती पाठवून तो पाळलाही. तीच ही दुरुस्ती.

मग ती अडली कुठं?

(दृश्य: क्रिस्तेरो युद्धातली छायाचित्रं.)

उत्तर दहा वर्षं मागे आहे. १९२६ ते १९२९ या काळात मेक्सिकोत सरकार आणि कॅथलिक बंडखोर यांच्यात युद्ध पेटलं होतं. त्या युद्धात बंडखोरांना काडतुसं पोचवायच्या त्या बायका. अंगातल्या कपड्यांखाली खास शिवलेले बंडीसारखे पट्टे घालायच्या, त्यात गोळ्या भरायच्या आणि शिपायांसमोरून चालत निघून जायच्या. सत्ताधारी पक्षाला हे चांगलं आठवत होतं. बायकांना मत दिलं तर ते पाद्र्याच्या खिशात जाईल, ही भीती होती. शिवाय स्पेनचं उदाहरण ताजं होतं. तिथं १९३३ साली स्त्रियांनी पहिल्यांदा मत दिलं, उजवे पक्ष जिंकले आणि खापर बायकांवर फुटलं. इकडे १९४०ची निवडणूक तोंडावर आलेली, समोर आल्मासान यांच्यासारखा तगडा विरोधक. म्हणून फाईल थांबली. गंमत अशी की बायकांनी शस्त्रं वाहिली तेव्हा त्यांना राजकारण कळतं की नाही, असा प्रश्न कुणालाच पडला नव्हता.

अमालियांनी या काळात वेगळी वाट धरली. उपोषण, मोर्चा हा त्यांचा पिंड नव्हता. त्या बैठकीत बसून काम काढून घेणाऱ्या. देशातलं दार बंद आहे ना, मग बाहेरून फिरून येऊ, असा एकूण हिशेब.

बाहेर एक जागा तयार होती. १९२८ साली हवानात ‘आंतरअमेरिकी महिला आयोग’ स्थापन झाला होता. स्त्रियांच्या हक्कांसाठी सरकारांनी मिळून काढलेली जगातली ही पहिली संस्था. अमालिया तिथं मेक्सिकोच्या प्रतिनिधी झाल्या, पुढे आयोगाच्या उपाध्यक्षा आणि १९४९ पासून अध्यक्षा.

(दृश्य: सॅन फ्रान्सिस्को, १९४५. ऑपेरा हाऊस, देशोदेशीचे ध्वज.)

एप्रिल १९४५. युरोपात युद्ध संपायला आलं होतं. पन्नास देशांचे प्रतिनिधी संयुक्त राष्ट्रांची सनद लिहायला सॅन फ्रान्सिस्कोत जमले. सभागृहभर पुरुष, बायका मोजक्याच. मेक्सिकोचे परराष्ट्रमंत्री एसेकिएल पादिया यांच्या शिष्टमंडळात अमालिया सल्लागार होत्या.

सनदेत स्त्री-पुरुष समानतेचा स्पष्ट उल्लेख हवा, हा आग्रह कुणी धरला? अमेरिका-ब्रिटनच्या बायकांनी धरला असेल, असं सहज वाटतं. झालं उलटंच. अमेरिकेच्या प्रतिनिधी व्हर्जिनिया गिल्डरस्लीव्ह यांना असा वेगळा उल्लेख नको होता, ब्रिटिश बायकांनाही त्याची गरज वाटत नव्हती. आग्रह धरला तो ब्राझीलच्या बेर्ता लुत्स, डॉमिनिकन प्रजासत्ताकाच्या मिनेर्वा बेर्नार्दिनो, उरुग्वेच्या इसाबेल दे विदाल, ऑस्ट्रेलियाच्या जेसी स्ट्रीट आणि मेक्सिकोच्या अमालिया यांनी. सनदेच्या प्रस्तावनेत स्त्री-पुरुषांचे समान हक्क आले. आठव्या कलमानं सांगितलं की संयुक्त राष्ट्रांच्या कोणत्याही अंगात, कोणत्याही पदावर काम करायला स्त्री-पुरुष दोघंही समान अटींवर पात्र आहेत. आज ते वाचताना साधं वाटतं. हे कलम नसतं तर पुढच्या प्रत्येक नेमणुकीला वाद घालत बसावं लागलं असतं.

सनदेवर सही करणाऱ्या स्त्रिया चारच. अमालिया सल्लागार असल्यानं त्यांत नाहीत. त्यामुळे त्या प्रसिद्ध छायाचित्रांत त्यांना शोधून उपयोग नाही.

(दृश्य: लेक सक्सेस, न्यूयॉर्क, १९४७.)

फेब्रुवारी १९४७. संयुक्त राष्ट्रांच्या स्त्री-दर्जा आयोगाची पहिली बैठक. सदस्य देश पंधरा आणि पंधराही जणी स्त्रिया. मेक्सिकोच्या खुर्चीवर अमालिया. त्याच बैठकीत भारताकडून होत्या बेगम शरीफा हमीद अली. दांडीयात्रेनंतर धारासण्याच्या सत्याग्रहाचं नेतृत्व ज्यांच्याकडे सोपवलं होतं, त्या अब्बास तय्यबजींची ही कन्या. भारत तेव्हा स्वतंत्र व्हायचा होता. तरी पुढच्या पाच वर्षांत आपल्याकडच्या बायका लोकसभेसाठी रांगेत उभ्या राहिल्या, आणि शंभराहून अधिक वर्षं स्वतंत्र असलेल्या मेक्सिकोतल्या बायका अजून वाटच बघत होत्या.

त्याच महिन्यात मेक्सिकोनं एक पाऊल टाकलं, पण अर्धं. स्त्रियांना नगरपालिकेपुरतं मत. शहराचा कारभार म्हणजे मोठं घरच, तेवढं बायकांना जमेल, असा एकंदर सूर.

पुढच्या वर्षीचा प्रसंग याहून बोलका आहे. १९४८ साली बोगोटात अमेरिका खंडातल्या देशांची परिषद भरली. स्त्रियांना राजकीय हक्क देणारा करार तिथं समोर आला. ज्या महिला आयोगात अमालिया काम करत होत्या, त्याच आयोगाच्या वर्षानुवर्षांच्या पाठपुराव्याचं हे फळ. मेक्सिकोच्या शिष्टमंडळानं करारामागच्या भावनेचं कौतुक केलं आणि सही करायचं टाळलं. आमच्या घटनेतल्या तरतुदी बघून योग्य वाटेल तेव्हा सामील होऊ, अशी नोंद त्यांनी तिथंच करून ठेवली.

(दृश्य: मेक्सिको शहर, ६ एप्रिल १९५२. मैदानात स्त्रियांची गर्दी.)

१९५२ साली निवडणूक आली. सत्ताधारी पक्षाचे उमेदवार आदोल्फो रुईस कोर्तिनेस. अमालियांनी त्यांच्याकडे मताचा प्रश्न मांडला. तेव्हा पाच लाख बायकांच्या सह्या आणा, असं ते म्हणाल्याची आठवण सांगितली जाते. अमालिया आणि त्यांच्या सहकारी सह्या गोळा करायला लागल्या. पक्षाच्या महिला विभागाचं काम मार्गारिता गार्सिया फ्लोरेस यांच्याकडे होतं. ६ एप्रिलला राजधानीत हजारो स्त्रियांची सभा झाली आणि उमेदवारानं जाहीर शब्द दिला.

१ डिसेंबरला त्यांनी सूत्रं घेतली. ९ डिसेंबरला प्रस्ताव संसदेत. आणि १७ ऑक्टोबर १९५३ला दुरुस्ती राजपत्रात छापून आली. वय १८ पूर्ण आणि लग्न झालेलं, किंवा लग्न नसेल तर २१ पूर्ण, अशी प्रत्येक मेक्सिकन स्त्री आता पुरुषाइतकीच नागरिक.

या विजयावर टीकाही झाली, आणि ती अगदीच बिनबुडाची नाही. मत जणू राष्ट्राध्यक्षांनी बायकांना दिलेली भेट, असं चित्र उभं राहिलं. ज्यांनी उपाशी राहून, हद्दपारी सोसून ही मागणी जिवंत ठेवली, त्या एल्विया आणि कुका कोपऱ्यात गेल्या. पक्षाला मात्र लाखो कृतज्ञ मतदार मिळाले. अमालियांच्या मवाळ, पक्षाला सांभाळून घेणाऱ्या वाटेची ही किंमत होती. पण १९३८ची फाईल वादात हरली नव्हती, एका माणसाच्या इच्छेअभावी अडली होती. ती इच्छा कुठून आणायची हे त्यांनी ओळखलं होतं. माझ्या मते त्यांची खरी मुत्सद्देगिरी इथं दिसते.

(दृश्य: स्टॉकहोम, बर्न. दूतावासांच्या इमारती.)

१९५३ मध्येच त्या स्वीडनमध्ये मेक्सिकोच्या प्रतिनिधी म्हणून रुजू झाल्या. त्यांच्याआधी पाल्मा गियेन १९३५ साली कोलंबियात गेल्या होत्या, पण राजदूत या पूर्ण दर्जापर्यंत पोचल्या अमालिया. ३ जुलै १९५५ला मेक्सिकोच्या बायकांनी पहिल्यांदा देशभर संसदेसाठी मतदान केलं तेव्हा त्या परदेशात नेमणुकीवर होत्या. पुढे त्या स्वित्झर्लंडमध्ये राजदूत झाल्या. तिथल्या बायकांना तेव्हा देशपातळीवर मत नव्हतं. १९५९च्या सार्वमतात स्विस पुरुषांनी ते नाकारलं आणि ते मिळायला १९७१ साल उजाडलं.

१९५८ पासून सहा वर्षं अमालिया सांस्कृतिक विभागाच्या उपमंत्री होत्या. त्यांच्याच कारकिर्दीत मेक्सिको शहरातल्या चापुल्तेपेक बागेतलं मानववंशशास्त्र संग्रहालय उभं राहिलं. कोआत्लिंचान गावाहून आणलेली त्लालोक या पर्जन्यदेवाची ती अवाढव्य पाषाणमूर्ती आजही तिथं दाराशी आहे. त्यानंतर व्हिएन्ना, ऑस्ट्रियातलं राजदूतपद आणि सोबत आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेत मेक्सिकोचं प्रतिनिधित्व.

१९८६ साली त्या गेल्या. २०१२ मध्ये त्यांचे अवशेष मेक्सिको शहरातल्या मान्यवरांच्या स्मारकस्थळी नेण्यात आले. आणि बोगोटाचा तो करार, ज्यावर मेक्सिकोनं १९४८ साली सही टाळली होती, त्यात देश अखेर सामील झाला १९८१ मध्ये. अमालिया तेव्हा ८२ वर्षांच्या होत्या.